द्वारकाबाईंचा वऱ्हांडा

द्वारकाबाई डोळे मिटून वॉर्ड बघायच्या. सकाळी डॉक्टरसाहेबांची फेरी आटोपली, की त्या बायकांच्या वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. नवख्या माणसाला वाटावं, बाई देवाचं नाव घेत आहेत. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं आणि मी औषधांचा ट्रे घेऊन दारातच थबकलो. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "कोन हाये? नवे कंपाउंडर का? या ना मंग अंदर. मी काई पूजा नाई करून राह्यली. आयकून राह्यली."

त्या ऐकत होत्या रोगी बायकांचे आवाज. कोण कण्हतंय, कोण पाणी मागतंय, कोण सुनेच्या नावानं बोटं मोडतंय. मिनिटभर ऐकून झालं की डोळे उघडायचे आणि एका खाटेकडे बोट जायचं. "हे पाहा. हिनं सकायपासून कोनाले हाक नाई मारली. हे बरी होऊन राह्यली. हिले वऱ्हांड्यात घ्या." आया त्या बाईची वळकटी उचलायच्या, तांब्या उचलायच्या, मग बाईला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर नेऊन चटईवर निजवायच्या. आतली खाट मोकळी व्हायची आणि फाटकाशी बैलबंडीत ताटकळलेली नवी बाई त्या खाटेवर यायची.

आमचा दवाखाना जामच्या फाट्यापासून आत, समुद्रपूर तालुक्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गावात होता. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि आता या वयात पत्रं लिहून भांडायचं त्राण माझ्यात नाही. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बांधलेला धर्मादाय दवाखाना होता तो. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, डॉक्टरसाहेबांची खोली, माझी औषधांची खोली, आणि बायकांच्या वॉर्डाला लागून टिनाचा लांबलचक वऱ्हांडा. व्यापाऱ्यानं तो रोग्यांच्या नातेवाइकांना बसायला बांधला होता. द्वारकाबाईंनी तिथे चटया अंथरल्या, उन्हाच्या बाजूला बांबूचे तट्टे बांधून घेतले आणि नातेवाइकांना अंगणातल्या लिंबाखाली हाकललं.

बाई उंच होत्या, हाडापेरानं मजबूत, पण चालताना जरा डावीकडे कलायच्या. कंबर गेली होती. नागपूरला नर्सिंग शिकल्या तेव्हा चपळ असतील. मी पाहिल्या त्या चाळिशी ओलांडलेल्या, पांढऱ्या पातळातल्या, कॅनव्हासच्या बुटांची टाच मुडपून ते चपलांसारखे घालणाऱ्या. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. पुलगावच्या गिरणीत भाऊ होता, तो दिवाळीला न्यायला यायचा आणि बहुतेक वेळा एकटाच परत जायचा. चहा त्या उभ्यानंच बशीतून प्यायच्या. मी स्टूल पुढे केलं की म्हणायच्या, "नोको भाऊ. एकडाव बसली का उठाची इच्छाच नाई होत. मंग तुमचा दवाखाना कोन चालवन?"

मी जात्याच कुरकुऱ्या माणूस. दवाखान्यात पाय ठेवला तेव्हापासून माझे त्यांच्याशी खटके उडू लागले. मिश्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा चिकटवायच्या, वर रोग्याचं नाव लिहायचं, खाटेपाशी नेऊन ठेवायची, हा माझा शिरस्ता. आणि खाटेवरची बाई रोज बदललेली! मी "सखूबाई" म्हणून हाक मारावी आणि खाटेवरून कुणीतरी म्हणावं, "मी ठमा." मग सखूबाईला हुडकत वऱ्हांड्यात फिरायचं. मी चिडायचो. बाई म्हणायच्या, "बाटलीले पाय नाई, तुमाले हायेत ना जी? मंग जाजा ना तिच्यापाशी."

त्यांच्या त्या डोळे मिटून ऐकण्याला मी मनातून हसायचो, पण खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा त्यांचा अंदाज खरा निघायचा. ताप उतरलेली बाई गुपचूप पडून राहायची, झोपायची. बोंबलणारी खरोखर दुखण्यात असायची. वऱ्हांड्यातल्या एखादीला पुन्हा ताप चढला की ती हाक मारायची, बाई तिला आत आणायच्या आणि आतल्या गुपचूप बाईला बाहेर न्यायच्या. अशा रीतीनं आमच्या बारा खाटांवर विसाएक बायकांचा दवाखाना वर्षानुवर्षं चालला. डॉक्टरसाहेब भला माणूस. नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून इथे आलेले, दम्यानं बेजार. ते तेवढं म्हणायचे, "बाई, एक दिवस वऱ्हांडाही भरेल. मग काय कराल?"

"भरन तवा पाहू," बाई म्हणायच्या.

कारण एक गोष्ट त्या कधीच करत नसत. फाटकाशी आलेल्या बाईला परत पाठवत नसत. त्याची कीर्ती पार गिरडच्या डोंगरापलीकडे गेली होती. दुसऱ्या दवाखान्याच्या दारावरून परत फिरलेल्या बंड्या सरळ आमच्याकडे यायच्या. असं का, म्हणून मी त्यांना विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी मला वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाल्या, "काऊन पाठवू? मी काय टिकिटबाबू हावो का?" एकदा म्हणाल्या, "परत पाठवाले बोलाव लागते. आत घ्याले बोलाव नाई लागत. मले बोलाचा कंटाया येते." आणि एकदा, फार थकल्या होत्या तेव्हा, म्हणाल्या, "माह्या मायले असंच परत पाठवलं होतं, भाऊ." एवढंच म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली आणि वॉर्डात गेल्या. तिन्ही उत्तरांतलं खरं कोणतं ते मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडच्या वस्त्यांनी बौद्ध धर्म घेतला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. पाऊस लांबला, नाल्यांत पाणी तुंबलं, आणि कापूस वेचायच्या दिवसांत थंडीतापानं उचल खाल्ली. घरटी एक तरी अंथरुणाला खिळलेलं. वेचणीला गेलेल्या बायका शेतातच थरथरत बसायच्या आणि तिथूनच त्यांना बंडीत घालून आणायचे. खाटा भरल्या. वऱ्हांडा निम्मा भरला, मग पुरता भरला. बाईंनी चटया जवळजवळ सरकवल्या, मग आडव्याच्या उभ्या केल्या. माझ्या औषधांच्या खोलीतली खोकी अंगणात काढून तिथे दोघींना निजवलं. मी आरडाओरडा केला. "तुमच्या बाटल्या लिंबाखाली मरनार नाई," म्हणाल्या.

आणि मग सुरू झाली ती नेआण. सकाळी आत आणलेली बाई दुपारी बाहेर, बाहेरची आत. नवी आली की तिच्यासाठी खाट हवी. खाटेवरची उचलायची तर तिला वऱ्हांड्यात जागा हवी. वऱ्हांड्यात जागा नाही म्हणून तिथल्या एकीला उठवून औषधांच्या खोलीत. तोवर औषधांच्या खोलीतलीला थंडी भरून आलेली, तिला खाटेवर. एका बाईसाठी चौघी हलवायच्या. हलवायचं म्हणजे नुसती ती बाई नाही. तिची गोधडी, तांब्या, गाठोडं, लहान लेकरू, आणि सोबतची सासू किंवा बहीण. आया दमून भिंतीला टेकायच्या, तेवढ्यात फाटकाशी पुन्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज.

मी हिवतापावरचं कोयनेलचं मिश्चर घेऊन फिरत होतो आणि ज्या बाईचा डोस ती जागेवर नाही. सापडेपर्यंत वेळ टळलेली. सापडली तर तिला हलवायची वेळ झालेली. पाठीला घाम, हातात ट्रे आणि डोक्यात संताप, असा मी दिवसभर पळत होतो. सगळेच पळत होते. दवाखान्यात एवढं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि एवढं काम करून आम्ही दिवसभरात कुणालाही धड औषध दिलेलं नसायचं. डॉक्टरसाहेब एका दुपारी वऱ्हांड्याच्या पायरीवर बसले, धाप लागलेली, आणि म्हणाले, "आपण आता दवाखाना चालवत नाही. आपण गाठोडी वाहतोय." बाईंनी ऐकलं. त्या एका म्हातारीला काखेत हात घालून उठवत होत्या.

त्या दिवसांत आमच्याकडे शांताबाई नावाची एक बाई होती. गावालगतच्या बौद्ध वस्तीतली, अंगापिंडानं धिप्पाड, तोंडाची बंदूक. तिचा ताप केव्हाच उतरला होता, पण ती सतत बोलत असायची, कुणाला ना कुणाला हाका मारत असायची, म्हणून द्वारकाबाईंच्या नेमाप्रमाणे तिची खाट कधी हललीच नाही! शेवटी तिनंच आपली वळकटी काखेला मारली. "माहा ताप गेला, बाई. या म्हातारीले खाट द्या. मी झोपीन बाहेर." वऱ्हांड्यातल्या एका पाटलीणबाईनं तिला शेजारी पाहून नाक मुरडलं. द्वारकाबाई जाता जाता म्हणाल्या, "पाटलीनबाई, तुमच्या तापाले इचारा, तो कोन्या जातीचा हाये. मंग मी चटई सरकवतो." पाटलीणबाई तीन दिवसांनी शांताबाईच्याच हातून पाणी प्याली.

शांताबाईच्या दुसऱ्या बाजूला, तट्ट्याच्या अगदी कडेला, मैना होती. गिरडच्या डोंगराकडची गोंडीण, विशीतली, काळीसावळी, हातांवर गोंदण. नवरा तिला पाठीवर घेऊन आला होता. त्याला मोडकंतोडकं मराठी यायचं, तिला नाही. पहिल्या दिवशी ती खाटेवर होती. कुणाला हाक मारावी आणि काय म्हणून मारावी हे तिला कळत नसावं, ती डोळे उघडे ठेवून छपराकडे बघत राहायची. सकाळी द्वारकाबाई वॉर्डात उभ्या राहिल्या, डोळे मिटले, ऐकलं, आणि बोट मैनाकडे गेलं. "हे उगी हाये. हिले बाहेर घ्या." संध्याकाळी बाहेर चेंगराचेंगरी झाली म्हणून औषधांच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वऱ्हांड्यात, कडेला. मैनाची काहीच तक्रार नव्हती, त्यामुळे तिला हलवणं सगळ्यांत सोपं होतं. तिचा नवराही खांबाशी उकिडवा बसून असायचा, कुणी जवळ आलं की उभा राहायचा, आणि आम्ही पुढे गेलो की पुन्हा बसायचा.

तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, शांताबाईचा आवाज सगळ्या दवाखान्यात घुमला. "द्वारकाबाई! अव द्वारकाबाई! या इकडे! सोडा ते गाठोडं!"

बाई गेल्या. मीही मागोमाग गेलो. शांताबाईनं मैनाची मान मांडीवर घेतली होती. मैनाचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं. शांताबाई तिचं नाव घेऊन गालावर थापट्या मारत होती आणि ती हूं का चूं करत नव्हती.

"तुमी आवाज आयकता ना?" शांताबाई म्हणाली. तिला रडू फुटत होतं. "आयका ना मंग. हिचा आवाज कुठं हाये? हे उगी नाई पडली, बाई. हिच्यानं बोलनंच होऊन नाई राह्यलं!"

द्वारकाबाई खाली बसल्या. मी त्यांना प्रथमच जमिनीवर बसलेलं पाहिलं. त्यांनी मैनाची पापणी वर केली, नाडी बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिले कोयनेल कवा देल्लं?" मी सांगितलं, सकाळी ट्रे घेऊन आलो तेव्हा ती या जागेवर नव्हती. कालचाही डोस तसाच चुकलेला. बाईंनी नाडी पुन्हा धरली. मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरसाहेब आले. ताप डोक्यात गेला होता. त्यांनी सुई दिली आणि म्हणाले, "आता हिच्यापाशी कुणीतरी बसून राहायला हवं. अंग पुसत राहा, तोंडात थेंब थेंब पाणी, आणि नाडी सोडू नका. हात काढलात तर ही जाईल. आणि हिला आता इथून हलवू नका." आया दोघी पायऱ्यांवर एका बाईला उचलून आणत होत्या. हे काम येणाऱ्या एकट्या द्वारकाबाईच होत्या.

तेवढ्यात फाटकाशी बंडी आली.

बंडीत गोधडीखाली एक बाई निजली होती. पुढे एक म्हातारा, हातात बैल टोचायची तुतारी, आणि मागे बसलेली एक पोर त्या बाईचे पाय दाबत होती. बंडीतल्या बाईला आत घ्यायचं म्हणजे चौघी हलवायच्या, आणि हलवायचं म्हणजे द्वारकाबाईंनी मैनाचा हात सोडायचा. बाईंनी मैनाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. मग ओला फडका शांताबाईच्या हातात दिला, "पुसत राय, मी आलीच," म्हणाल्या, आणि उठून चालायला लागल्या. मला वाटलं, बाई आता बंडी आत घेतात. माझ्या तोंडात शिवी आली होती.

त्या फाटकाशी गेल्या आणि त्यांनी फाटक लावायला घेतलं. ते फाटक मी तरी कधी लागलेलं पाहिलं नव्हतं. खालची बाजू मातीत रुतलेली, तिथे गवत उगवलेलं. बाई ओढत होत्या आणि ते हलत नव्हतं. मी जाऊन हात लावला. दोघांनी मिळून ते उचलून लोटलं.

"हिंगणघाटले न्या," बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या. "अथी जागा नाई."

म्हातारा आधी हसलाच. त्याला ते खरं वाटलं नाही. "बाई, तुमच्या अथी तं जागा असतेच म्हनते लोक. म्हनून तं इतक्या दुरून आनली हिले."

"आज नाई, बावा."

म्हातारा थोडा वेळ फाटकाच्या गजांतून बघत राहिला. त्याला वऱ्हांडा दिसत होता, चटयांना चटया भिडलेल्या दिसत होत्या. तो भांडला नाही. भांडला असता तर बाईंनी बहुधा फाटक उघडलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यानं बैलांच्या कासऱ्याला हिसका दिला आणि बंडी वळवली. चाक दगडावर चढून आपटलं तेव्हा गोधडीखालची बाई विव्हळली. द्वारकाबाई तोवर पाठमोऱ्या झाल्या होत्या.

वऱ्हांड्यात येऊन त्यांनी शांताबाईच्या हातून फडका घेतला आणि आयांना मोठ्यानं सांगितलं, "आता कोनी कोनाले हालवाचं नाई. जे जिथं हाये, तिथंच राह्यन." आया गाठोडी हातात धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती खाली ठेवली. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला प्रत्येक बाई जिथल्या तिथे सापडली आणि प्रत्येकीचा डोस वेळेवर तिच्या पोटात गेला. शांताबाई घरी जाताना बऱ्या झालेल्या दोघींना आपल्या वस्तीत घेऊन गेली, "चला, माह्या घरी खा भाकर," म्हणून. पाटलीणबाईचा ताप उतरला होता, तिलाही तिच्या माणसांनी नेलं. द्वारकाबाई मैनापाशी बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. मी चहाची बशी नेऊन दिली, ती त्यांनी बसूनच घेतली.

मैना जगली. दोन दिवसांनी तिनं डोळे पूर्ण उघडले आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. नवरा म्हणाला, पाणी मागते. बाईंनी तिला चमच्यानं पाणी पाजलं आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला. त्या कधी कुणाच्या अंगावरून असा हात फिरवत नसत. मैना चालत घरी गेली त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना फार आनंद झाला. बाई मात्र फाटकापर्यंतही गेल्या नाहीत.

त्यानंतर द्वारकाबाई बदलल्या. डोळे मिटून ऐकणं बंद झालं. त्या एकेका खाटेपाशी जायच्या, अंगाला हात लावायच्या, जी बोलत नाही तिला आधी उठवून बोलतं करायच्या. वऱ्हांड्यात मोजक्याच चटया राहिल्या. आणि आतल्या दोन खाटा त्यांनी रिकाम्या ठेवायला सुरुवात केली. धुतलेल्या चादरी, उशा, सगळं तयार, आणि वर कुणी नाही. "हे कोनासाठी नाई," त्या सांगायच्या. "जिचा जीव जाऊन राह्यला, तिच्यासाठी हायेत. बाकीच्याईले हिंगणघाट हाये, वर्धा हाये." जी बाई कुणाला परत पाठवत नव्हती, ती आता डोळ्यांना रिकामी खाट दिसत असताना माणसं परत पाठवू लागली. गावात चर्चा सुरू झाली. बाईला ताठा आला, बाई वशिला बघते, बाईचं काळीज दगडाचं झालं. व्यापाऱ्याच्या मुलानं येऊन विचारलं, दानाच्या खाटा मोकळ्या का? डॉक्टरसाहेबांनी बाईंची बाजू घेतली, पण डॉक्टरसाहेबांनाच गाव आता म्हातारा समजत होतं.

एकदा माझी सख्खी मावशी आली. गिरडहून, पोटात कळा येतात म्हणून. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, काळजीचं नाही म्हणाले, औषध दिलं. मावशीला दवाखान्यात राहायचं होतं. भाचा कंपाउंडर असताना ती बंडीत बसून परत जाणार नव्हती. मी बाईंकडे गेलो. म्हणालो, दोन्ही खाटा रिकाम्या आहेत, माझी मावशी आहे, एक रात्र.

"नाई, भाऊ."

"बाई, माझ्या आईची बहीण आहे."

"म्हनूनच सांगतो. तिले बसनं हिंगणघाटले न्या, तिथं मोठा डॉक्टर हाये. मी तिकिटाले पैसे देईन पायजे तं."

मावशी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं रिकाम्या खाटांकडे बघून बाईंचा उद्धार केला, तो अख्ख्या वॉर्डानं ऐकला. मी मावशीला हिंगणघाटला नेलं. ती चार दिवसांत बरी झाली आणि पुढे जगली तेवढी वर्षं द्वारकाबाईंना शिव्या देत जगली. मी परत आलो आणि बाईंशी बोलणं टाकलं. बाटल्या आयांच्या हातून पाठवायचो. आठवडाभरानं मला राहवलं नाही, मी तावातावानं जाऊन विचारलं, "त्या दिवशी आली का कुणी जिवावरची बाई? झोपलं का कुणी त्या खाटांवर?"

"नाई आली," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या चादरीची घडी घालत होत्या. "दिवसभर वाट पाह्यली. कोनी नाई आलं. बरं झालं ना, नाई आलं ते?" आणि मग, माझा चेहरा बघून, "तुमाले राग आला ते मले समजते. माहाई जीव तुटते, भाऊ, रिकाम्या खाटेकडे पाहून. पन खाट भरली असन तं मले आतल्या कोनाचा तरी हात सोडाव लागते. ते आता माह्यानं होत नाई."

माझा राग त्यानंतर गेला असं मी म्हणणार नाही. तो हळूहळू थकला. दवाखान्यात सगळ्याच गोष्टी हळूहळू थकतात.

आणखी दीडदोन वर्षांनी त्यांची कंबर पार बसली. उभं राहवेना. भाऊ पुलगावहून न्यायला येणार होता, त्याला गिरणीतून सुटी मिळाली नाही. मग मीच त्यांची पत्र्याची पेटी बंडीत घालून त्यांना जामच्या फाट्यावर पोहोचवायला गेलो. निरोपाला गावातलं कुणी आलं नाही. शांताबाईनं तेवढी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता, आणि बाईंच्या पायाशी बसून रडली होती.

फाट्यावर बाजाराचा दिवस होता. बसला वेळ होता. मी बाईंना चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसवलं. त्या बाजारातून येणाऱ्या प्रत्येक बंडीकडे बघत होत्या. बंडी जवळ आली की मान पुढे काढायच्या, हाकणाऱ्याचं तोंड निरखायच्या, आणि बंडी पुढे गेली की पुन्हा मागे टेकायच्या. मी विचारलं, "कुणी ओळखीचं यायचंय का?"

"त्या म्हाताऱ्याले पाहून राह्यली."

"कोणत्या?"

"फाटकावरच्या." जणू काल घडलं असावं तसं त्या म्हणाल्या. "मी दर बाजाराले येत होती, भाऊ, कंबर चालत होती तवापर्यंत. तुमाले नाई सांगतलं. गिरडच्या बाजारातई इचारलं, समुद्रपूरच्याई. त्या दिवशी बंडी घेऊन कोन आलतं, कोनाची बाई होती. कोनालेच मालूम नाई. नाव इचारलं असतं तं गाव तरी सापडलं असतं. पन ज्याले परत पाठवाचं, त्याचं नाव इचारत बसाले तोंड कुठं होतं मले?"

मी म्हणालो, "बाई, मैना तुमच्यामुळे जगली."

"मैना जगली," त्या म्हणाल्या. "तिच्या गावचे लोक येते, सांगते. दोन लेकरं झाली तिले." आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या, कारण लांबून आणखी एक बंडी येत होती.

बस आली. मी पेटी टपावर चढवली, बाईंना हात देऊन वर घेतलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "येजा पुलगावले," आणि मी "येईन" म्हणालो. पुढे जाणं झालं नाही. त्या गेल्याचं पोस्टकार्ड त्यांच्या भावानं पाठवलं, तेव्हा मला फाट्यावरचं ते बघणंच आठवलं. मी स्वतः त्यानंतर गिरडला, समुद्रपूरला कितीतरी जणांना विचारलं. कुणी म्हणालं, अशी एक बंडी हिंगणघाटकडे जाताना दिसली होती. कुणी म्हणालं, नाही, ती वाटेतूनच घरी परतली. मैना जगली हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. दुसरी जगली की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि द्वारकाबाईंनी आयुष्यभर हिशेब धरला तो फक्त तिचाच.